केसाला कलर नको

आई, माझ्या कानामागची कातडी सोलली आहे आणि मला तुझा राग आला आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी येतो. तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. तू तिला पाहिलंच नाहीस. ती मला फार उशिरा झाली, त्यामुळे तिच्या मैत्रिणींच्या आयांचे केस अजून काळे आणि माझं डोकं पिंजलेल्या कापसासारखं. मागच्या आठवड्यात नणंद आली होती. चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, "वहिनी, मांडवात अशीच उभी राहिलीस ना, तर लोक म्हणतील, नवरीच्या आजीनं तब्येत काय राखलीय!" सगळे हसले. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी बोईसरला स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये जाऊन बसले.

तिथली मुलगी उत्तरेकडची, बोलघेवडी. रंगवलेल्या केसांचे झुबके लावलेलं एक कार्ड तिनं माझ्या गालाशी धरलं. "आंटी, एकदम काला मत लो, चेहरा सख्त लगता है. ये कॉफीवाला देखो." तिचं खरं होतं. वय झालं की चेहऱ्याचा रंग उतरतो, त्यावर काळाकुट्ट डाय टोपी घातल्यासारखा दिसतो. मूळ रंगापेक्षा एखादी छटा फिकी घ्यावी, एवढं मलाही कळतं. तरी मी काळ्यावर अडून बसले. फोटोत बरा दिसतो, असं सांगितलं. फक्त आधी कानामागे थेंबभर लाव, दोन दिवस वाट बघू, असं मीच म्हणाले. "कितना डरती हो आंटी!" म्हणत तिनं लावला. दोन दिवस कुठले, संध्याकाळपर्यंत कान टम्म सुजला आणि पाणी सुटलं. पालघरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी कधी डाय लावला होता का?"

मी सहावीत आहे. माझे केस भुरे आहेत, खाऱ्या वाऱ्यानं आणि उन्हानं आपल्या किनाऱ्यावरच्या पोरींचे होतात तसे, टोकांना तर तांबूस. आपल्या आळीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. तू मला शाळेच्या फाटकाशी सोडतेस, मच्छीची टोपली डोक्यावरून उतरवून बाजूला ठेवतेस, कारण सिस्टर समोर उभ्या आहेत. सिस्टर मंगळूरकडच्या, मराठी तोडकंमोडकं. माझ्या वेणीकडे बोट दाखवून तुला म्हणतात, "हिच्या केसाला कलर नको. शाळेत चालणार नाही." तू मान खाली घालून म्हणतेस, "हो सिस्टर."

एवढंच. काय नको, का नको, एक शब्द विचारला नाहीस. बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं पापलेटाचा कल्ला उचकटून नाक मुरडलं, की सगळी लाइन थांबून ऐकायची. "आंधला हायस काय रं? शिळ्या मच्छीला असा लाल रंग असतो? जा, घरी जाऊन बायकोला विचार!" ती जीभ फाटकाशी कुठे गेली होती? संध्याकाळी तू काळ्या डायची पुडी घेऊन आलीस. स्टीलच्या वाटीत कालवलीस आणि जुन्या दातघाशीनं माझ्या डोक्यावर चोपडलीस. माझे केस रंगवलेले नाहीत हे दाखवण्यासाठी तू ते रंगवलेस, आई! मी रडत होते, कपाळ पेटलं होतं, मानेवर ओघळ चुरचुरत होते. "गप बस. जरा चावल. शालेतून काढलं तर काय, माज्यावानी टोपली घेशील?" पुडीवर काय लिहिलंय ते तुला वाचता येत नव्हतं, मान्य. पण माझं रडणं तर वाचता येत होतं.

सकाळी माझे डोळे उघडेनात. तशीच मला शाळेत घेऊन गेलीस, शाळा बुडली तर सिस्टर रागावतील म्हणून. मला पाहून सिस्टरनी छातीवर क्रूसाची खूण केली. "अरे देवा! मी रिबिन बोलले! लाल रिबिन! काळी किंवा पांढरी पाहिजे, बस!" रिबिन. बोईसरच्या बाजारातून तूच आणलेली, माझ्या वाढदिवसाची. आणि तेव्हाही, माझा हात धरून, तू म्हणालीस, "हो सिस्टर." परत येताना मी विचारलं, तू त्यांना बोलली का नाहीस, तर म्हणालीस, "मोटी मानसं ती. आमी काय बोलनार?"

डॉक्टर म्हणाले, शरीरानं एकदा त्या रसायनाला शत्रू मानलं की ते विसरत नाही. आता काळा डाय कायमचा बंद. पार्लरवाली जिला नॅचरल म्हणते ती काळी मेंदीही नाही, तिच्यात बहुतेक वेळा तेच मिसळलेलं असतं. साधी मेंदी चालेल, पण तिनं पांढऱ्या केसांचं गाजर होतं. म्हणजे लेकीच्या लग्नात मी पांढरीच उभी राहणार. लेक म्हणते, "आई, छान दिसतेस, उगाच काय!" तिचं काय जातं. दातघाशी तिच्या डोक्यावर फिरली नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मग कुणावर रागावू? सिस्टरनी निदान माझे डोळे थंड पाण्यानं पुसले होते.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, लेकीला तर नाहीच. पण पार्लरमध्ये मी खोटं बोलले. फोटोचं काही नव्हतं. तू गेलीस तेव्हा तुझ्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. तुझ्यापेक्षा मी आता कितीतरी म्हातारी आहे, आणि आरशात तू मला कुठेच सापडत नाहीस. मला वाटलं होतं, काळे केस केले तर त्या दिवशी मांडवात, लांबून का होईना, कुणीतरी म्हणेल की तू आली आहेस.