धाकलीचे वाळे

तलासरी
१२ फेब्रुवारी १९६२

प्रिय आये,

तुझं पत्र काल मिळालं. म्हणजे शब्द तुझे आणि अक्षर मोरूचं. सातवी झाला तरी त्याच्या अक्षराला वळण नाही, बोंबील वाळत टाकावेत तशी एकेक ओळ लोंबतेय. हे पत्रही तुला तोच वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यालाच बजावते. मोरू, तू माझा धाकटा भाऊ असशील, पण मधलं एक वाक्य जरी गाळलंस तर माझ्याशी गाठ आहे. आये उठून ओट्यावर गेली तर मागोमाग जाऊन वाच. कानावर हात ठेवले तर मोठ्याने वाच. शेजारी ऐकतील म्हणून लाजू नकोस, ऐकू देत.

तू कळवलंस की तुझ्या नातीने, आपल्या धाकलीने, छान बाळसं धरलंय. मोरूच्या बायकोला, मालूला, पुन्हा दिवस गेले म्हणून पोरीचं अंगावरचं दूध तोडलं, मग गोवर आला, तेव्हापासून ती पेजेवरच आहे, तरी गाल वर आलेत. पाय असे भरलेत की तू पेटीतून काढून घातलेले चांदीचे वाळे आता चढत नाहीत, तर मी इथल्या बाजारातल्या चांदीवाल्याकडून मोठे आणावेत. रंग उजळला, केस पिंगट झाले. आणि पोर इतकी शहाणी झाली की दिवसभर एका जागी बसते, रडत नाही, मालूला कामाला मोकळीक. हे सगळं तू हौसेने लिहवून घेतलंस आणि मी ते तीनदा वाचलं. वाळ्यांचं शेवटी सांगते. आधी माझी हकिगत ऐक, कारण ती वेडीवाकडी होऊन तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. तलासरीत कुणी शिंकलं तर डहाणूच्या मासळी बाजारात सर्दीची चर्चा होते.

मी ज्या संस्थेच्या दवाखान्यात सुईण म्हणून आहे, तिचे चिटणीस मुंबईहून महिन्याकाठी येतात. माणूस वाईट नाही, पण त्यांना जाडी मुलं फार आवडतात. पाड्यांवरच्या पोरांसाठी दुधाच्या पुडीचे डबे येतात, ते पुरावेत आणि पोरांनी लवकर बाळसं धरावं म्हणून त्यांनी तिच्यात तांदळाचं पीठ आणि साखर मिसळायला सांगितलं. पीठ दुप्पट, साखर तिप्पट आणि पूड नावाला. मी म्हटलं, साहेब, याने पोट फुगेल, अंग धरणार नाही. ते म्हणाले, बाई, तुम्ही बाळंतपणं बघा. मग डिसेंबरात त्यांनी सुदृढ बालक स्पर्धा भरवली. वडाखाली टेबल, टेबलावर तागडी, फोटोवाला सुद्धा आणलेला. पन्नासेक आया पोरं घेऊन बसलेल्या. पहिला नंबर आला पाड्यावरच्या रूपीच्या काळ्याचा. दोन वर्षांचा पोर, वजन बावीस रत्तल, गाल तुकतुकीत, पावलं पावासारखी. बक्षीस म्हणून झबलं आणि दुधाच्या पुडीचा एक अख्खा डबा. चिटणीसांनी त्याला कडेवर घेतलं तरी तो रडला नाही, हसला नाही, मान टाकून नुसता बघत राहिला. फोटोवाल्याने चुटक्या वाजवल्या, तरी नाही.

आये, मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि काळ्याच्या पावलावर अंगठा दाबला. पाच आकडे मोजले आणि काढला. तांदळाच्या उकडीत बोट रुतावं तसा खड्डा, आणि तो भरेचना. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही सूज आहे, बाळसं नव्हे. शाळेत आपण ही म्हण म्हणून घोकतो, पण खरंच कुणी दाबून बघत नाही. चिटणीसांचा चेहरा पडला. फोटो मात्र त्यांनी काढलाच.

आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी मला हे पूर्वीच शिकवलं होतं. नुसती पेज, नुसता भात, नुसती साखर यांनी पोट भरतं, पण अंग बांधायला जे लागतं ते त्यात नाही. ते दुधात असतं, डाळीत असतं, अंड्यात आणि मासळीत असतं. त्याला ते प्रोटीन म्हणतात. ते मिळालं नाही की अंगात पाणी साठतं, पोर गुटगुटीत दिसू लागतं आणि आतून रितं होत जातं. मी विचारलं, डॉक्टर, सुके बोंबील चालतील का? ते हसले नाहीत. म्हणाले, मीठ लावलेले असतील तर नकोत, मिठाने सूज वाढते. मी म्हटलं, आमच्या वलांडीच्या दोरांवर टांगलेले बोंबील नुसत्या उन्हावर आणि वाऱ्यावर सुकतात, मिठाचा खडा लागत नाही त्यांना. त्यावर ते म्हणाले, मग द्या, पण चिमटीने सुरुवात करा, पोराच्या पोटाला एकदम झेपत नाही. दिवाळीनंतर तू जे पोतं पाठवलं होतंस, मी एकटी इतके खाऊन जाडी होईन म्हणून मोरू चिडवत होता, ते पोतं असं कामाला आलं. डोकी काढायची, धुऊन कडक सुकवायचे, तव्यावर भाजायचे, उखळात कुटायचे आणि फडक्यातून गाळायचे. पिवळसर पूड होते, पिठासारखी मऊ. ती नागलीच्या आंबिलीत घालायची, आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं भरवायचं. पहिले दोन दिवस काळ्या तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी त्याने वाटी धरून ठेवली.

आणि मग त्याचं वजन उतरायला लागलं. बावीसचं एकोणीस, एकोणीसचं सतरा. रूपी कपाळावर हात मारून घेत आली, म्हणाली, बाय, माझा अर्धा पोर खां गेला? मी तिला म्हटलं, जे गेलं ते तुझं नव्हतंच, ते पाणी होतं, थांब जरा. ती थांबली. लिहिता न येणारी ती बाई थांबली आणि शिकलेले चिटणीस थांबले नाहीत. जानेवारीत येऊन त्यांनी वजनाची वही बघितली आणि भडकले. पहिल्या नंबरचं पोर मी मासळी चारून वाळवलं म्हणे. तसं लिहून द्या, माफी मागा, पूड बंद करा, नाहीतर घरी बसा. मी कागद घेतला आणि त्यावर लिहिलं की मुलाचं वजन उतरलेलं नाही, मुलाच्या अंगातलं पाणी उतरलेलं आहे, आणि मी माफी मागत नाही. खाली सही केली. वळणदार केली, मोरूसारखी नाही. काळ्या आता उठून चालतो. वजन पुन्हा चढतंय, पण या वेळी पायावर अंगठा दाबला तर खड्डा पडत नाही, उलट तो लाथ मारतो. काल त्याने माझ्या नाकावर मारली. इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता. नोकरीचं काय ते पुढच्या महिन्यात कळेल. गेली तर गेली, बोंबील कुटायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता ते बोलते जे आपल्या घरात सतरा वर्षं कुणी बोललेलं नाही. मोरू, इथे थांबायचं नाही.

मी नऊ वर्षांची होते, मोरू पाचाचा आणि आपली बारकी दोन वर्षांची. तिलाही गोवरच आला होता. देवीचा कोप नको म्हणून घरात मासळी शिजवायची नाही, फोडणी द्यायची नाही, असं तू दीड महिना पाळलंस. गोवर गेला तरी बुधीआत्या म्हणाली, मासळी गरम पडेल, अजून पेजच द्या. ओट्यावर वलांड्या बोंबलांनी लगडलेल्या, अंगणात जवळ्याचे ढीग आणि त्या घरातली पोर नुसत्या पेजेवर. तिचे गाल वर आले. शेजारणी म्हणाल्या, आजारातून उठून काय बाळसं धरलंय! पायातले वाळे रुतायला लागले, तेव्हा तू खोबरेल लावून लावून ते काढलेस आणि काढताना हसत होतीस. तिचा पाय मी धरला होता. वाळ्याचा वण संध्याकाळपर्यंत तसाच होता, मी दोनदा जाऊन बघितला. मला मजा वाटली. मी अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं, बारकी किती जाडी झालीय बघा, पुरीसारखी फुगलीय. त्यानंतर पाचव्या दिवशी ती गेली.

बुधीआत्याने त्याच दिवशी सांगून टाकलं की माझी नजर लागली. तू हो म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. पण त्यानंतर कुणाचंही तान्हं घरात आलं की मला पाण्याला पाठवायचीस. बाळंतिणीच्या खोलीत मला मज्जाव. मी ठाण्याला सुईणीचं शिकायला निघाले तेव्हा तू म्हणालीस, तुला हेच काम बरं सुचलं. हेच सुचलं आये, मुद्दाम सुचलं. तू मला पोरांपासून लांब ठेवलंस म्हणून मी पोरांचंच काम धरलं. दोनशे अकरा पोरं या हातांवर जन्मली, आणि प्रत्येकाचं तोंड पहिल्यांदा मीच बघितलं, डोळे फाडून बघितलं. माझ्या नजरेने कुणाचं वाईट व्हायचं असतं तर आज अर्धा तालुका ओसाड पडला असता. तरी धाकलीच्या बारशाला मी पाळण्याशी आले तेव्हा तू तिच्या तोंडावर पदर टाकलास. मी दोरीला हात लावला, साखर घेतली आणि दुपारच्या गाडीने परतले. त्या दिवशी मला तुझा फार राग आला. अजून आहे.

पण हेही ऐक. बारकी माझ्या नजरेने गेली नाही आणि तुझ्या पेजेनेही गेली नाही, म्हणजे तू मनात स्वतःला तसं म्हणत असशील तर ते बंद कर. तेव्हा आपल्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तू तिला जिवापाड सांभाळलंस, पाळायचं ते सगळं पाळलंस. आता मात्र मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून मी मान ठेवायचा म्हणून गप्प बसले, तर तो दोष माझा राहील, आणि तो मी घेणार नाही.

आता वाळ्यांचं. हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तू कागद चुलीत घातला असतास, म्हणून इथवर आणलं. तू पेटीतून काढलेस ते बारकीचेच वाळे आहेत, हे मी ओळखलं. ते धाकलीला चढत नाहीत, केस पिंगट झाले, रंग उजळला, पोर रडत नाही. आये, आत्ता उठ आणि धाकलीच्या पावलावर अंगठा दाब. मोरू, पाच मोज. अंगठा काढल्यावर खड्डा राहिला तर रडत बसू नकोस आणि बुधीआत्याला विचारायला जाऊ नकोस. गवताचा ट्रक घेऊन इथला लाहू आज दुपारी डहाणू स्टेशनला निघतोय, त्याच्याकडे या पत्राबरोबर एक डबा दिलाय. डबा दुधाच्या पुडीचा आहे, काळ्याच्या बक्षिसाचा, रूपीने तो रिकामा करून दिला. आत पूड मात्र तुझ्याच बोंबलांची आहे. चिमूटभर, पातळ आंबिलीत, मीठ न घालता, थोड्या थोड्या वेळाने. तिने तोंड फिरवलं तर पुन्हा द्या. तिला पांघरुणात ठेवा. मी उद्या पहिल्या गाडीने येते आणि परवा डॉक्टरांना घेऊन यायची व्यवस्था करूनच निघते. वजन उतरेल, तेव्हा घाबरायचं नाही. बुधीआत्याला माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळायच्या असतील तर खुशाल ओवाळू देत, मी उंबऱ्यात उभी राहीन. पण धाकलीच्या तोंडावर पदर टाकायचा नाही. मी तिला डोळे भरून बघणार आहे. मोठे वाळे मी आणत नाही. जुनेच जपून ठेव, तिच्या पायात तेच चढवायचेत.

तुझीच,
हंसा