बाळंतिणी खाली

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझा आवाज आधीच चढतो. म्हणून लिहितेय.

साठच्या दशकाची ती अखेरची वर्षं. भाईंदरचा आपला दवाखाना आईच्या माहेरच्या घरात, तिच्या वडिलांनी मिठागरांच्या कमाईवर बांधलेल्या. तुम्ही रत्नागिरीहून आलेले डॉक्टर जावई. खालची, रस्त्याकडची वाऱ्याची खोली तुम्ही स्वतःला घेतलीत, कारण स्टेशनवरून येणाऱ्याला तुमची पाटी आणि पाटीमागे तुम्ही दिसायला हवे होतात. मलमपट्टी मागच्या अंगणापलीकडे, आणि बाळंतपणाची खोली वर, त्या उभ्या जिन्यानं. पाय मोडलेला माणूस लंगडत अंगण ओलांडायचा, कळा येणारी बाई जिना चढायची. मी नुकतीच डॉक्टर होऊन तुमच्या हाताखाली आले होते. एकदोनदा बोलले, तर तुम्ही हसण्यावारी नेलंत.

मग जवळच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावाहून ती कोळीण आली. टांग्यातून, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून. मी बघते तर वेळ अगदी जवळ आलेली. तुमच्या खोलीतलं तपासायचं टेबल दाराशीच आहे, आणि तुम्ही गावातल्या दोन बड्या माणसांबरोबर चहा घेताय. मी आत येऊन हळूच विचारते. कप खाली न ठेवता तुम्ही म्हणता, "ही माझी खोली आहे. बाळंतिणी वर." सासू मला म्हणाली, "हिला न्हाय चढवत गो, हितंच घे." मी पुन्हा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उठून दार लोटून घेतलंत. अर्ध्या जिन्यात ती खाली बसली. आधी नाळ बाहेर येऊन दबली, मग मूल. मुलगा होता. तिथंच पायरीवर बसून मी त्याच्या तोंडात श्वास फुंकत राहिले. तो रडलाच नाही.

संध्याकाळी नर्स, कंपाउंडर, सगळ्यांसमोर तुम्ही मला झापलंत. तिला वर न्यायला मीच उशीर केला म्हणे. "दवाखाना डॉक्टरच्या सोयीनं चालतो," तुम्ही म्हणालात. "पेशंटच्या सोयीनं चालवायचा असेल तर धर्मशाळा काढ." मी मान खाली घातली. पण ठरवलं ते तेव्हाच.

मे महिन्यात तुम्ही पुतण्याच्या लग्नाला गावी गेलात. खालच्या भिंती पाडू का, मी आईला विचारलं. ती स्टोव्हपाशी मासे तळत होती, तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाड गो. घर माझ्या बापाचा हाय." दुसऱ्या सकाळी गवंडी आले. तुमच्या खोलीत बाळंतपण, तिला लागून मलमपट्टी, औषधांची खिडकी बाकाजवळ. दारातून आलेल्या माणसाला आता जिना नाही, अंगण नाही. तुमचं सागवानी टेबल हमालांनी वर चढवलं. ते भिंतीला घासत, ठोकरत जात होतं आणि मी खाली उभी राहून मजेत ऐकत होते.

तुम्ही परत आलात तेव्हा आत एक बाई अडलेली होती. नर्सनं तुम्हाला दारातच थांबवून बाहेर बसायला सांगितलं. तुम्ही बाकावर बसलात, पेशंटांच्या मधोमध, मांडीवर माझ्यासाठी आणलेल्या फणसपोळीचं पुडकं. बऱ्याच वेळानं मी बाहेर आले.

"माझी खोली?" तुम्ही विचारलंत.

"वर," मी म्हटलं. "बाळंतिणी खाली."

त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही तो जिना चढलात. मध्येच कठड्याला धरून थांबायचात. तुमची धाप मला खाली ऐकू यायची. खाली एक टेबल-खुर्ची सहज मावली असती. तुम्ही मागितली नाहीत, मी दिली नाही. फणसपोळी मी न उघडताच कामवालीला देऊन टाकली होती, हेही तुम्हाला आता कळू दे.

परवा मेडिकल कॉलेजातली काही मुलं दवाखान्याची मांडणी बघायला आली होती. पेशंटचा एवढा विचार मला त्या काळी कसा सुचला, असं विचारत होती. मी पालीच्या त्या बाईचं सांगितलं. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना, हे कागद कुणाच्या हाती पडणार नाहीत, म्हणून सांगते. त्या बाईचा चेहरा मला आता आठवत नाही. तुमचा, त्या बाकावरचा, आठवतो, आणि अजून बरं वाटतं.