आधी उसवण

तात्या,

आज बाजारात वर्तमानपत्र वाचायला बसलो तेव्हा तो पुन्हा पहिल्याच रांगेत होता. फुटाण्याची पाटी डाव्या बाजूला, उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, बोटं अर्धवट मिटलेली. ती पूर्ण मिटत नाहीत आणि पूर्ण उघडतही नाहीत. इंदापूरचा एकही बाजार त्यानं वर्षभरात चुकवलेला नाही. मी वाचतो, बाकीचे कागदाकडे बघतात, आणि तो माझ्या तोंडाकडे बघतो. तुम्हाला तापाच्या साथीत जाऊन वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. आता वाटतं, कारण या माणसाबद्दल मी जिवंत माणसाला काही सांगू शकत नाही.

मला कोणी शिकवलं नाही, असं मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो. ते खोटं नाही. एकोणीस वर्षांचा मेंढपाळ मी. बंडी शिवायला म्हणून अंथुर्ण्यात तुमच्या दुकानी आलो आणि मेंढरं भावाच्या गळ्यात टाकून तिथंच राहिलो. तुम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे नमुने कापून खिळ्याला अडकवून ठेवायचात. बाहीचा वेगळा, पाठीचा वेगळा, कॉलरचा वेगळा. त्या बाह्यांवरून मी अक्षरं जुळवली. मी एखाददुसरं अक्षर विचारलं की तुम्ही नुसतं कात्री न थांबवता सांगायचात. गळ्याच्या गोलात वाक्य तुटायचं, आणि तुटलेलं वाक्य मी मनानं पुरं करायचो. तीच माझी शाळा, आणि आता वाटतं, तीच खोडही.

बाजारच्या दिवशी तुम्ही दुकानाच्या पायरीवर आठवड्याचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा. एकदा तुमचे डोळे आले होते म्हणून मला बसवलंत. कागदाचा कोपरा फाटलेला होता. कालव्याला पाणी सुटण्याची बातमी अर्ध्यावर तुटली, आणि मी बिनदिक्कत पुरी केली: ‘अमावस्येच्या आत सुटणार.’ लोक काय खूश झाले! तुम्ही डोळ्यांवर ओलं फडकं धरून आत बसला होता. बाजार उठल्यावर म्हणालात, “कुठं लिवलंय त्ये? बोट ठेव.”

“कोपरा फाटलाय, तात्या.”

“मग फाटलाय म्हनून सांगायचं. ठिगळ लावाय तुला कुनी सांगितलं?”

अकरा घरी मला पाठवलंत, मी सांगितलं ते खोटं होतं हे सांगायला. अकराव्या घरची म्हातारी खळखळून हसली. “आरं, खोटं तर खोटं, पर लई ग्वाड वाचलं हुतंस की!” तुम्हाला ते येऊन सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “त्येच वाईट.” पुढच्या बाजारापासून तुम्ही पद्धत पाडलीत. नवी बातमी वाचण्याआधी, मागच्या बाजारी वाचलेल्यातलं काय खोटं निघालं ते सांगायचं. आधी उसवण, मग शिवण. लोक दाद देऊन म्हणायचे, “व्हय तात्या, उसवा!” मी इंदापूरला दुकान थाटलं तेव्हा ही पद्धत बरोबर आणली. माझ्या वाचनाचा लौकिक तिच्यामुळेच आहे. सांगणं भाग आहे म्हणून सांगतो, आज तालुक्यात माझ्याइतकं चोख कोणी वाचत नाही.

तुम्ही गेल्यानंतर काय काय आलं ते तुम्हाला ठाऊक नाही. ऊस आला, त्याच्यामागून कारखाना, चहाची दुकानं, दुकानात फोनो, आणि आता बारामतीच्या मैदानात बोलपटाचा तंबू. पडद्यावरची माणसं बोलतात, गातात. सगळ्यांना नवल वाटलं ते गाण्याचं, मला दिसली ती बाही. तंबू लागून बारा दिवस झाले नव्हते तोवर लासुर्ण्याची एक बाई चोळीचं कापड घेऊन आली आणि मान खाली घालून म्हणाली, “तशी शिवा. खांद्यावर फुगल्याली.” मी त्या दिवशी वही घातली. कोणतं गाणं कोणत्या गावी कितव्या दिवशी जात्यावर आलं, कोणी मिशी कशी कोरली, कोणत्या वरातीत कोणती चाल वाजली, हे सगळं तारीखवार. सात वह्या भरल्या आहेत. पुण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्यांकडेही असलं काही असेल असं वाटत नाही. ते पुस्तकं वाचतात. मी माणसांची मापं घेतो.

पण एक गोष्ट मापात येत नव्हती. बातमी मुळात कुठून निघाली हेच कळत नसेल तर तिचा वेग काढायचा कसा? एका टोकाला माझ्या हाताची खूण हवी होती. तंबूची जाहिरात करणारा एक गडी होता. बैलगाडीत फळ्या रंगवून लावलेल्या, हातात पत्र्याचा कर्णा. लांबी दोन फूट तीन इंच. मी टेप लावून मोजली आहे. त्याच्या कोटाचं अस्तर लोंबत होतं. बारामतीच्या बाजारातच बसून मी ते शिवून दिलं आणि म्हणालो, “माझं एक वाक्य बोलशील?”

“काय बोलू, शिंपीबुवा? राजा मेला म्हनू?”

“नको. कोणाचं नुकसान होईल असं नको.”

मी इकडेतिकडे पाहिलं आणि तिथंच वाक्य बेतलं: ‘येत्या महिन्यात पांढऱ्या फेट्याचा एक माणूस गावोगाव येणार आणि पेटीत माणसांचे आवाज भरून नेणार.’ निम्मा तालुका पांढरा फेटा बांधतो. आवाज भरून घ्यायची यंत्रं खरोखरच असतात. यात कोणाच्या केसाला धक्का लागायचा?

त्यानं विचारलं, “खरं हाय का ह्ये?”

“नाही.”

तो हसला. “मग लई चालंल.”

तिसऱ्या दिवशी वाक्य अंथुर्ण्यात होतं, शब्दाला शब्द. पाचव्या दिवशी लासुर्ण्यात ‘भरून नेणार’चं ‘काढून नेणार’ झालं. मी तांबड्या पेन्सिलीनं खूण केली. तात्या, मला आनंद झाला होता. आठव्या दिवशी कोणीतरी मला शपथेवर सांगितलं की ज्याचा आवाज नेला तो महिन्याभरात मुका होतो. दहाव्या दिवशी मी बावड्याला गेलो. पहाटेची जाती चालू होती, पण नुसती घरघर. एकाही घरातून ओवी नाही. दारात उभ्या असलेल्या बाईनं मला परका पाहून पोराच्या तोंडावर हात दाबला. मी पारावर बसून लिहिलं, ‘बावडा. दहावा दिवस. जाती चालू, गाणं बंद.’ अंगावर काटा यायला हवा होता. मी अक्षर नीट आलं का ते बघत होतो.

दुपार होत आली आणि तो येतो. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर फोनोची पेटी. गावोगाव फिरून तबकड्या ऐकवायच्या आणि पसाभर धान्य घ्यायचं, हा त्याचा धंदा. तो पाराखाली पेटी ठेवतो, आणि नेहमी धावत येणारी पोरं या वेळी येत नाहीत. पुरुष येतात. सावकाश, चारी वाटांनी.

“काय हाय पेटीत?”

“गानी हायत, पाव्हनं. ऐका की.”

“कुनाची?”

त्याला वाटतं ऐकवलं की शंका फिटेल. तो उजव्या हातानं चावी देतो, तबकडीवर सुई ठेवतो. आतून एका बाईचा आवाज निघतो, उंच, स्वच्छ. त्या आठवड्यात गावातल्या एका बाईचा घसा बसला होता. साधं पडसं. तिचा नवरा गर्दीतून पुढे येतो, कान देऊन ऐकतो, आणि त्याचा चेहरा बदलताना मी पाहतो. “हिचाच हाय,” तो म्हणतो. “माझ्या बायकूचा आवाज हाय ह्यो!”

माझ्या हातात पेन्सिल होती. मी चालू ओळ पुरी केली आणि मग उठलो. किती वेळ गेला असेल? दोन श्वास, तीन. खाली उतरेपर्यंत पेटीवर दगड पडला होता आणि त्याचा चावी देणारा हात कोणीतरी पायाखाली धरला होता. मी ओरडलो, “थांबा! वर्तमानपत्रात असलं काही आलेलं नाही!”

“वर्तमानपत्रात न्हाय, मास्तर. कर्ण्यात आलंय. तुमी बाजूला व्हा.”

तेव्हा बोलायचं वाक्य एकच होतं: ते मी रचलंय. ते तोंडातून निघालं नाही. कुऱ्हाडीच्या तुंब्याचे, म्हणजे बोथट बाजूचे, चार घाव मी मोजले. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. नंतर मीच त्याला गाडीत घालून इंदापूरला आणलं, हाड बसवणाऱ्याकडे नेलं, आणि हात चावी फिरवण्याजोगा राहिला नाही हे कळल्यावर फुटाण्याची पाटीही मीच करून दिली. लोक माझं नाव घेतात. तोही घेतो. वाचून झालं की न चुकता मूठभर फुटाणे माझ्या पुढ्यात ठेवतो, डाव्या हातानं.

त्यानंतरचा पहिला बाजार आला. लोक म्हणाले, “उसवा, मास्तर!” मी एका लग्नाच्या बातमीतली तिथी चुकली होती ती सांगितली आणि पान उलटलं. तेव्हापासून दर बाजारी असंच काहीतरी बारीकसारीक उसवतो. बारामतीच्या एका व्यापाऱ्याकडे आता रेडिओ आला आहे. दाराबाहेर माणसं मुकाट उभी असतात. युद्ध येणार म्हणतात. कोण म्हणतं विचारलं तर पेटीकडे बोट दाखवतात. आणि तंबूही परत येतोय. कर्णेवाला काल दुकानात डोकावून गेला, “शिंपीबुवा, यंदा काय बोलायचं?” मी त्याला हाकलून लावलं. तो गेल्यावर आठवी वही काढून तिच्यावर तारीख घातली.

आज बाजार उठल्यावर फुटाणेवाला मागे राहिला. म्हणाला, “मास्तर, एक इचारू? त्यो कर्णेवाला माझ्यावरच का बोलला असंल? मला बघून बोलला असंल का?”

मी म्हणालो, “त्यानं तुला पाहिलंही नसेल रे.”

आणि ते खरं आहे, तात्या. कर्णेवाल्यानं त्याला पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बारामतीत अस्तराला शेवटचा टाका घालून मी वाक्यासाठी इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा समोर कडुनिंबाखाली एक माणूस पेटीला चावी देत बसला होता. पांढरा फेटा. निम्मा तालुका बांधतो, हे मी स्वतःला नंतर सांगितलं. अंगावर माप घेतल्याशिवाय कापायचं नाही हे तुमच्याकडेच शिकलो, आणि इतरांना सांगतो की मला कोणी शिकवलं नाही.

हा कागद तसा मोठा निघाला. उद्या याच कागदातून एका चोळीचा नमुना कापायचा आहे, खांद्यावर फुगलेल्या बाहीचा. गळा कुठं येईल ते मी खडूनं आखून पाहिलं. कडुनिंबाची ओळ बरोबर त्या गोलात जाते.