बाराच्या जागी सात

प्रिय धाकट्या,

जबडा तारेने बांधल्यामुळे तुला बोलता येत नाही, आणि समोर बसून मला बोलवत नाही. म्हणून हे लिहून तुझ्या उशाशी ठेवते आहे.

त्या सकाळचं तू पाटीवर लिहून सांगितलंस, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. टेकडीवरच्या वस्तीत सलग नऊ दिवस नळ कोरडे. आधी टँकरच्या रांगेत बायकांची जुंपली, एकीचं डोकं फुटलं. मग साठ-सत्तर माणसं तुझ्या व्हॉल्व्हच्या खोलीवर चालून आली. तू आतून कडी लावलीस, त्यांनी दार बिजागऱ्यांसकट उखडलं. आमचं पाणी खालच्यांना सोडतोस का, असं विचारत वस्तीतल्या शिंप्याने व्हॉल्व्ह फिरवायची तुझीच लोखंडी चावी उचलली. पहिला घाव जबड्यावर. दुसरा तू डाव्या हातावर झेललास, हाड मोडलं. पडल्यावर लाथा. रक्त आणि दात थुंकत तू एकच सांगत राहिलास, "व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, फिरवून बघा." कुणीही फिरवून बघितला नाही.

चौकशीवाल्यांनीही नाही. चावीवाल्याने व्हॉल्व्ह अर्धवट ठेवला, असा ठपका त्यांनी तुझ्यावर ठेवलाय. शिंपी कोठडीत आहे. त्याच्या बायकोने काल दवाखान्याच्या जिन्यात मला अडवलं. मूल तापाने फणफणत होतं आणि घरात घोटभर पाणी नव्हतं, म्हणाली. मी तिला ढकलून वर आले. ती तीन पायऱ्या खाली कोसळली, तरी मी मागे वळले नाही.

व्हॉल्व्ह उघडा होता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नव्या नळांच्या जाळ्याचा आराखडा माझा. कुठे किती जाडीचा नळ टाकला तर कमीत कमी खर्चात सगळीकडे पाणी पोचेल, हे संगणक शोधतो. पण कुठे निदान किती दाब हवा, तो आकडा आपण द्यायचा असतो. टेकडीला बारा मीटर, म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल इतका, दाब हवा होता. खर्च मंजुरीत बसेना. साहेब म्हणाले, कसंही करून बसव. मी बाराच्या जागी सात लिहिला. नळ बारीक झाले, माझी वाहवा झाली. पाणी जरा हळू चढेल, एवढंच वाटलं होतं. ते चढलंच नाही.

आज दुपारी मूळ फाइल चौकशीवाल्यांच्या हातात दिली आणि जबाबावर सही केली. उद्या ते तुझ्याकडे येतील. मला वाचवण्यासाठी पाटीवर काहीबाही लिहू नकोस. लहानपणापासून माझ्या वाटचा मार तू खात आलास. एवढा एक मला खाऊ दे.

तुझीच,
ताई