राणीछाप रुपयाचा मोरपंखी रंग

चांदा, बुधवार, १९५४

परवा मैनाबाई तिच्या मायचा राणीछाप रुपया विकायला माझ्या सराफीच्या दुकानात आली. वर्षानुवर्षं तंबाखूच्या चिंधीत राहून चांदीवर मोरपंखी रंग चढलेला. जुनी नाणी जमवणारे नागपूरचे एक वकील अशा रंगाच्या रुपयाला पाचपट देतात. भाव पाडायला मी नाक मुरडलं, "बाई, असला घान रुपया कोन घेईन?" ती रुपया घेऊन निघून गेली.

आज आली. चिंच अन् राखेनं घासून रुपया लख्ख पांढरा! "आता घ्या भाऊ. घान नाई राह्यली."

मोरपंखी रंग गेला. काऊन बोललो मी तसं? राग तिच्यावरच काढला. घासून झिजला म्हणून दोन आणे कापले.

"बरं भाऊ," म्हणाली. जाताना उंबऱ्यात थांबली.

"मायच्या चिंधीतले बाकीचे रुपयेबी असेच घान होते. समदे घासून ठेवले."