तेलाचं भोक पहिलं

४ मार्च, रविवार

चर्चमधून परतताना आज शाळेचं मागचं फाटक उघडं दिसलं. आतली शेडही दिसली. तीच! पत्रे नवे, पण शेड तीच.

चाळीस वर्षं होतील. सिस्टर लुडोविकांची मोटरसायकल बंद पडली होती आणि गावातून एक हडकुळा मेकॅनिक या शेडमध्ये आला होता. सिस्टरनी मला त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवलं — शाळेचे पाने-पक्कड पळवील म्हणून! त्यानं इंजिन उघडलं. दोन भागांमधलं पॅकिंग फाटलेलं. नवं मिळणार ते कंपालाला, इथून दिवसभराच्या रस्त्यावर. तो म्हणाला, "जाड कागद आहे?" माझ्या हातात शिवणाच्या तासाचा तपकिरी कागद होता, स्कर्टच्या नमुन्यासाठी घेतलेला. तोच दिला. त्यानं लोखंडाला तेल फासलं, कागद दाबला, काळा ठसा उमटला. मग हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत गेला आणि कागद आपोआप कापला गेला. मी बघतच राहिले.

मान वर न करता त्यानं विचारलं, "तुमचं एम्पाको काय?"

शाळेत सिस्टर मला पर्पेचुआ म्हणत. घरचं लाडाचं नाव सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात परका माणूस भेटला की पहिलं तेच विचारतात — साधी रीतच आहे.

"अब्वोली," मी म्हटलं.

"मी अराली. हे बघा अब्वोली, तेलाचं भोक पहिलं पाडायचं. मोठी भोकं काय, कुणालाही दिसतात."

इतकंच. मोटरसायकल सुरू झाली, तो चहा पिऊन गेला. त्या दिवशी बाकी काही घडलं नाही.

७ मार्च

अकरा पॅकिंगं कापली. अंगठा ठणकतोय. पाठ तर विचारूच नये.

नाताळापासून अरालीनं इंजिन उघडणं सोडलंय. गुडघे म्हणतो. लोक आता गाडी घेऊन येतात ते फक्त माझ्याकडे, कागदासाठी. अरालीची पद्धत अजून तीच — इंजिन समोर ठेवायचं, त्याच्यावरच ठोकून कापायचं. "इंजिन खोटं बोलत नाही," म्हणतो. माझी पद्धत शिवणवर्गातली. प्रत्येक गाडीचा एक नमुना, ब्लाउजचा असतो तसा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. उतरवायचा, आखायचं, कापायचं. लग्न झाल्यापासून त्यानं थट्टाच केली — "आमच्या घरात इंजिनं शिंप्याकडे जातात!"

आणि आता तोच माझे नमुने नवे करून देतोय! दुपारभर अव्होकाडोच्या झाडाखाली बसतो, कात्री घेऊन. "जुने तेलानं काळे पडलेत, अब्वोली. डोळे फोडून घेशील." प्रत्येक नव्या कागदावर त्याच्या तिरक्या अक्षरात गाडीचं नाव. बघून बरं वाटतं. या वयात माझ्यासाठी कागद कापतोय.

९ मार्च

पाऊस. गिऱ्हाईक नाही. झोपले.

१२ मार्च

रुसोके आला. बोडावाला, कासेसे रस्त्याच्या स्टेजवर उभा राहून मोटरसायकलवर भाडी मारतो. त्याचं एम्पाको अट्वोकी. चढावर गाडी ढकलत आला होता, शर्ट पिळून काढावा इतका घामाघूम.

"अब्वोली मावशी, तुमच्या कागदानं माझी गाडी खाल्ली!"

मला हसू आलं आधी. मग त्यानं इंजिनाचं डोकं उघडलं. आतला कॅमशाफ्टचा दांडा जळून निळा पडलेला. तेलाचा थेंब नाही! खालचं पॅकिंग काढलं — माझंच, पाच दिवसांपूर्वीचं. मोठं गोल बरोबर, बोल्टची चार भोकं बरोबर. तेलाचं भोक नाही. दार लावून घ्यावं तसा कागद बसलेला. खाली तेल भरपूर, पण वर जायला वाटच नव्हती.

"काल माणसं माझ्या मागे बसायची. आज मी चालत आलो," अट्वोकी म्हणाला. "स्टेजवरची पोरं विचारतात — शिंपीण काजं करायची विसरली का?"

आमच्या घरामागच्या शेडमध्ये अरालीची जुनी गाडी आहे, तिचा कॅमशाफ्ट काढून त्याला दिला. तो नको नको म्हणत होता. मी दिलाच. अराली झाडाखाली डुलकी घेत होता. त्याला सांगितलं नाही.

चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

१३ मार्च

आणखी एक! हे सुदैवानं बसवण्याआधीच परत आलं. त्यातही तेलाचं भोक नाही.

डोळेच असणार. दुसरं काय.

अडियेरीचा फोन आला म्बाराराहून. तिला सांगायला नको होतं. "आई, पुरे झालं. बाबांना घेऊन इकडे ये. दोन खोल्या रिकाम्या आहेत." पोरगी चांगली आहे. पण तिथे आम्ही दोघं दिवसभर करणार काय? टीव्हीसमोर बसून एकमेकांना औषधाची वेळ विचारणार? इथे निदान तो मला हातोडी कशी धरायची ते सांगतो. मी त्याला सांगते की मला कळतं. त्यातच दिवस जातो. माझं काम गेलं तर हे बोलणंही जाईल.

१६ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात चार तास. बाकावर माझ्याशेजारी एक बाई तिच्या कोंबडीची गोष्ट सांगत होती, शेवटपर्यंत कळलं नाही कोंबडीचं काय झालं. डॉक्टर तरुण मुलगी. अगदी शेवटची ओळ वाचायला लावली. वाचली. पुन्हा वाचली. तिनं हसून म्हटलं, "आजी, या डोळ्यांनी अजून दहा वर्षं सुईत दोरा ओवाल. घरी जा."

आनंद व्हायला हवा होता.

डोळे चांगले आहेत. मग?

१७ मार्च

अराली आंघोळीला गेला तेव्हा सगळे नमुने खिळ्यांवरून उतरवून पलंगावर मांडले. तेवीस. त्यांतले एकोणीस नवे, त्याच्या हातचे.

एकाही नव्यात तेलाचं भोक नाही.

खोक्यात जुने अजून होते. काळे, चिकट. प्रत्येकावर तेलाच्या भोकाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. ते वर्तुळही त्यानंच काढलेलं, कधीकाळी, मी विसरू नये म्हणून.

नव्यांतल्या शेवटच्या काहींत बोल्टची भोकं पाच-पाच. सगळ्यात शेवटचा तर कुठल्याच इंजिनाचा नव्हता. फार सुबक कापला होता. कड अगदी साफ.

मी कागद पाहिला नाही. त्याचं अक्षर पाहिलं, आणि कापत गेले.

१८ मार्च, रविवार

चर्चला गेले नाही. जेवणानंतर एक नवा नमुना त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं उचलला, उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला.

"कुणी कापलं हे?"

मी ताटं उचलायला लागले.

"तेलाचं भोक कुठे आहे? अब्वोली! किती वेळा सांगायचं तुला? तेलाचं भोक पहिलं!" खराच चिडला.

"चुकलं," मी म्हटलं.

"बोडावाल्याची पोरंबाळं त्या गाडीवर जेवतात."

"पुन्हा नाही होणार."

मग शांत झाला. माझा हात हातात घेतला, अंगठ्यावरचा घट्टा चोळत राहिला. "थकलीस तू," म्हणाला. "थोडं कमी कर काम. मी आहे ना!"

२० मार्च

पिशवीत हातोडी, लाकडाचा ठोकळा आणि भोक पाडायचा बारीक पंच घेऊन स्टेजवर गेले. गेल्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून पॅकिंग नेलं त्यांना हाका मारल्या. सातजणांकडे अजून नुसतंच पडून होतं, सीटखाली, गाडीच्या कागदपत्रांबरोबर गुंडाळून. तिथेच उकिडवी बसले आणि एकेकाला भोक पाडलं. दोघांची इंजिनं अट्वोकीनं उघडली, स्वतः होऊन. वेळेत उघडली, देवाची कृपा!

पोरांची तोंडं चालू होतीच. "मावशी, माझ्या बायकोच्या भाकरीलाही एक भोक पाडा, वाफ जात नाही!" "गप्प रे, तुझ्याच डोक्याला पाडतील, तिथेही तेल पोचत नाही!" मीही हसले.

निघताना अट्वोकी पिशवी घेऊन वळणापर्यंत आला.

"मावशी, कागद अराली काकांनी कापले होते ना?"

मी म्हटलं, "माझी चूक आहे."

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "नाताळाच्या आधीपासून ते मला विचारतात, मी कुणाचा मुलगा. दर वेळी सांगतो. दर वेळी म्हणतात — अरे, तुझा बाप माझा दोस्त!"

"मला का नाही सांगितलंस?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

सगळ्या स्टेजला माहीत होतं. एकाच घरात, एकाच पलंगावर झोपून मला नाही.

२१ मार्च

जुने नमुने पुन्हा खिळ्यांवर टांगले. तो बघत होता. म्हणाला, "हे बरे आहेत."

अडियेरीला अजून फोन केला नाही.

२४ मार्च

सकाळी त्याला चहा नेऊन दिला. दोन्ही हातांनी कप घेतला, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि अगदी अदबीनं विचारलं, "तुमचं एम्पाको काय?"

"अब्वोली."

"मी अराली. बसा ना."

बसले.

अडियेरीला फोन केला. महिनाअखेर निघतोय. विसरण्याआधी लिहून ठेवते. मोठी हातोडी आणि सगळे मोठे पंच अट्वोकीला — त्याचा हात चांगला आहे. जुने नमुनेही त्यालाच, लाल वर्तुळं दाखवून द्यायची. शेडमधली गाडी, जी काय उरलीय ती, त्याचीच. शिवणाची कात्री अडियेरीला. नवे एकोणीस नमुने कुणालाही द्यायचे नाहीत, ते माझ्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी. आणि तेलाच्या भोकाचा बारीक पंच अरालीच्या शर्टाच्या खिशात. रोज शर्ट बदलताना आठवणीनं नव्या शर्टात घालायचा, मी नसले तरीही.