सूनबाईचा सर्व्हर

२ जून, सोमवार

वेबसाइट परत अडकली. गिऱ्हाइकं फोनवर चिडतायत — मापं टाकली, पैसे भरले, पान पुढे जात नाही. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशाच्या दुकानाचं हे असं! हे म्हणाले, "आमच्या वेळी दारात रांग लागायची. रांग कधी बंद पडली नाही."

सून म्हणते, सर्व्हर बदलू. सर्व्हर म्हणजे वेबसाइटच्या दारात उभा राहून येईल त्याला हवं ते पान काढून देणारा, असं तिने समजावलं. आत्ताचा अपाची, जुना. तिला एन्जिनएक्स हवाय. "आई, आपल्याकडे जुना असा लावलाय की प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक नोकर अडकतो. नव्यात एकच नोकर शंभर जणांकडे बघतो." किंमत विचारली. दोन्ही फुकट म्हणे. आमचा कापडवाला एक बटण फुकट देत नाही.

३ जून

जपात लक्ष लागेना. हे दोन्ही सर्व्हर ओपन सोर्स, म्हणजे आतली सगळी कारागिरी जगाला उघडी. कोणीही बघावी, कोणीही दुरुस्त करावी. मॅट्रिकला गणितात मी वर्गात दुसरी होते, पण हे गणित सुटत नाही. यात पोट कोणाचं भरतं?

आणि नवा येतो फक्त सुनेला. मुलगा कापड कापतो, हे गल्ल्यावर, हिशेब माझ्याकडे. पण अर्ध्याहून जास्त मागण्या आता वेबसाइटवरून. म्हणजे दुकानाची खरी किल्ली हिच्याच कमरेला. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हेच.

५ जून

मुलाला विचारलं, "तुझी बायको काय करतेय, तुला कळतं का?"
"तिला कळतं ना."
मान वर केली नाही. कात्री चालूच.

९ जून

आता म्हणते, जुनाच ठेवू, तोच नीट लावते! आठवड्यापूर्वी नव्याचे गोडवे, आज जुन्याची आरती. का गं, म्हटलं.

"जुना येणारी माणसं कुठेही मिळतात. अडलं तर कोणालाही बोलावता येईल."

"मग तू कशाला आहेस?"

हसली. कुठेतरी पाणी मुरतंय. जुना येणारा आमच्या ओळखीत एकच, दुकानातले संगणक दुरुस्त करणारा वायरवाला. त्याचं नि हिचं काही ठरलंय का?

१० जून

वायरवाल्याला चहा दिला आणि हळूच विषय काढला. दोन चमचे साखर घालतो मेला. म्हणाला, "काकू, मला दोन्ही येतात. मी तर नवाच घ्या म्हटलं होतं. वहिनींनी एकच विचारलं — ज्याला काही येत नाही, त्याला लवकर कोणता शिकवता येईल? म्हटलं, मग घरात आहे तोच ठेवा."

ज्याला काही येत नाही म्हणजे कोण? घरात तशी मीच.

१३ जून

मला संगणकापुढे बसवलंच. "आई, पान हललं नाही तर ही ओळ लिहायची आणि हे बटण. झालं." म्हटलं, तुझं काम माझ्या गळ्यात घालतेस होय?

"घालतेय थोडं."

माझा चष्मा काढून पदराला — म्हणजे तिच्या ओढणीला — पुसून दिला. खूपदा चुकले. शेवटी सर्व्हर बंद होऊन नीट चालू झाला, तेव्हा तिने पाठीवर हात ठेवला. कधी ठेवत नाही. पासवर्ड माझ्याकडून स्तोत्रासारखे पाठ करून घेतले. "तुमच्याइतकं पाठांतर घरात कोणाचं आहे?" खरं आहे. पण आजच सांगायचं कारण?

देवा, गोड बोलणाऱ्यांपासून सांभाळ.

१७ जून

तुफान मागण्या. ह्यांना जेवायला फुरसत नाही. साइट दिवसभर पळाली, दुपारी एकदाच अडकली. सून माझ्या शेजारीच उभी होती, हात पाठीमागे बांधून. "तुम्ही करा."

केलं मी. चाललं! हे म्हणाले, "आता तुलाच पगार द्यायला हवा." सगळे हसले. मुलगा सोडून.

आणि ही हात बांधून का उभी? परीक्षा घेते माझी.

१८ जून

शाळा उघडल्या. दुकानात शांतता.

१९ जून

सून सकाळी गेली. दोन बॅगा घेऊन. एकमेकांपासून वेगळं व्हायचं दोघांचं हिवाळ्यातच ठरलं होतं, मुलाने आत्ता सांगितलं. शाळा उघडेपर्यंत ती थांबली होती.

दारात मला म्हणाली, "आई, सर्व्हरवर अजून माझं नाव आहे. ते काढून टाका."

कसं काढायचं ते येतं मला. राहू दिलंय.